पाटीला उलट विचारता येत नाही

शिकत असताना काही महिने मी एका मोठ्या दुकानात रात्रीचं काम केलं. काम साधं होतं. दुकान बंद झालं की फळ्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या. फळीच्या कडेला प्लास्टिकची अरुंद पट्टी असते. नखाने ती जराशी उचलायची, जुनी चिठ्ठी सरकवून बाहेर काढायची, नवी आत सारायची आणि पट्टी दाबून बसवायची. एका रांगेत दोन-अडीचशे चिठ्ठ्या असत. तासाभरात बोटांची टोकं कागदाच्या कडांनी चरचरायला लागायची.

एका रात्री माझ्या वाट्याला कपडे धुण्याच्या पावडरीची रांग आली. गड्डीतल्या नव्या चिठ्ठ्या पिवळ्या होत्या आणि वर ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘खास किंमत’. पांढरी चिठ्ठी काढली आणि पिवळी लावण्याआधी सहज दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. आकडा तोच होता. पुढच्या पाकिटाची पाहिली, तिथेही तोच. छपाईत चूक झाली असणार म्हणून मी आमच्या सुपरवायझरना बोलावलं. त्यांनी चिठ्ठी हातातही घेतली नाही. म्हणाले, “चूक नाही ती. खास म्हटलंय, कमी कुठे म्हटलंय? लाव.”

मी लावली. दुसऱ्या दिवशी जरा लवकर पोचले आणि त्या रांगेच्या तोंडाशी उभी राहिले. एक बाई ढकलगाडी घेऊन आल्या. नेहमीच्या पाकिटाकडे त्यांचा हात गेला, नजर पिवळ्या चिठ्ठीवर पडली, हात थबकला आणि शेजारच्या पावडरीची दोन पाकिटं गाडीत पडली. आकडा त्यांनी वाचला की नाही, ते मला सांगता येणार नाही. सगळं मिळून दहा सेकंदही गेले नसतील. ती चिठ्ठी मी माझ्या हाताने लावली होती, म्हणून ते दृश्य मी विसरू शकलेले नाही.

चिठ्ठीवर एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या बाईंना फसवलं गेलं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. फळीवरची पाटी हे दुकानदाराचं बोलणं आहे. तोंडाने खोटी ग्वाही दिली तर आपण त्याला जाब विचारतो, मग पाटीचा रंग, तिच्या अक्षरांचा आकार आणि तिची जागा यांनी दिलेल्या ग्वाहीबद्दलही तसाच जाब विचारता आला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी फक्त शब्द तपासले जातात. माझा आक्षेप त्याला आहे.

पाटी बोलायला कधी लागली, तेही पाहिलं पाहिजे. सप्टेंबर 1916 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान उघडलं. तोवर गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे आणि माल पलीकडे अशी रीत होती. यादी सांगायची आणि नोकर वस्तू काढून, तोलून, बांधून द्यायचा. सॉन्डर्सने लोकांना आत सोडलं. टोपली घ्या, हवं ते स्वतः उचला, जाताना दाराशी पैसे द्या. या मांडणीचं पेटंट त्याला 1917 मध्ये मिळालं. नोकरांवरचा खर्च वाचला, लोकांना वस्तू हाताळून पाहायची मोकळीक मिळाली आणि पुढे जगभर हीच पद्धत रुळली. तिने लोकांचं भलंही पुष्कळ केलं. काउंटरमागच्या माणसाच्या मर्जीवर, त्याच्या तिरकस नजरेवर, उधारीच्या दबावावर जगणाऱ्या कितीतरी लोकांना स्वतः वस्तू निवडता येणं हाच सन्मान होता.

पण काउंटरमागच्या त्या माणसाला विचारता यायचं. स्वस्त म्हणता, मग मागच्या आठवड्यात काय भाव होता? या दोन पुड्यांत वजनाचा फरक किती? खोटं बोलायचं तर त्याला समोरासमोर बोलावं लागायचं, आणि पुढच्या खेपेला त्याच्याकडे जायचं की नाही हे गिऱ्हाईक ठरवायचं. त्याच्या जागी पाटी आली. ती सांगते, ऐकून मात्र घेत नाही.

तरी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक वस्तूवर किमतीचा शिक्का किंवा चिकटचिठ्ठी असायची. 26 जून 1974 रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली, ती म्हणजे च्युइंगमचं एक पाकीट. त्यानंतर अनेक देशांतल्या दुकानांनी वस्तूवर किंमत चिकटवणं हळूहळू सोडलं. किंमत राहिली फळीच्या कडेला आणि बिलिंगच्या संगणकात. वस्तू उचलून गाडीत टाकली की तिची किंमत मागे फळीवरच राहते. म्हणजे काउंटरवरच्या माणसाचं बोलणं गेलं, वस्तूवरचा आकडाही गेला, आणि सगळा भार त्या दोन बोटं रुंद चिठ्ठीवर आला.

अशा चिठ्ठीकडे माणूस किती वेळ पाहतो? पीटर डिक्सन आणि ॲलन सॉयर या दोन संशोधकांनी सुपरमार्केटमध्ये उभं राहून हे मोजलं आणि 1990 मध्ये प्रसिद्ध केलं. फळीसमोर येऊन वस्तू गाडीत टाकून पुढे जायला लोकांना सरासरी 12 सेकंदांच्या आसपास लागत होते. वस्तू गाडीत पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, किंमत काय होती? मोठ्या संख्येने लोकांना ती नेमकी सांगता आली नाही. त्याहून मला विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ज्यांनी खरोखर सवलतीत असलेली वस्तू उचलली होती त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना सवलत होती याचाच पत्ता नव्हता. हे लोक निष्काळजी होते असं मी म्हणणार नाही. एका फेरीत तीस-चाळीस वस्तू घ्यायच्या, सोबत मूल, डोक्यात उद्याची कामं. प्रत्येक वस्तूला दोन मिनिटं द्यायची तर अख्खी संध्याकाळ दुकानात जाईल. घाईत माणूस खुणांवर चालतो, आणि त्याने तसं चालणं शहाणपणाचंच आहे. पिवळं म्हणजे स्वस्त ही खूण त्याने अनुभवातून शिकलेली असते, कारण बहुतेक वेळा ती खरी ठरते.

नेमक्या याच जागी हात घालता येतो. त्याच 1990 साली जेफ्री इनमन, ली मॅकॲलिस्टर आणि वेन हॉयर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. किंमत न उतरवता नुसती सवलतीची खूण लावली तर काय होतं, हे त्यांनी तपासलं. फार विचार करत बसायची ज्यांची प्रवृत्ती नसते ते लोक किंमत उतरलेली असो वा नसो, खुणेला प्रतिसाद देत होते. विचार करणारे लोक किंमत खरोखर उतरली असेल तेव्हाच वळत होते. म्हणजे माझ्या हातातली ती पिवळी चिठ्ठी काय करते हे मी चिठ्ठ्या लावायला लागण्याच्या पुष्कळ आधीच माहीत झालेलं होतं, आणि ज्याने ती छापून घेतली त्यालाही ते माहीत असणारच.

‘एका ग्राहकाला फक्त 12’ अशीही पाटी लागते. तिची गोष्ट जरा जपून सांगायला हवी. ब्रायन वॉनसिंक, रॉबर्ट केंट आणि स्टीफन हॉक यांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सूपच्या डब्यांवर मर्यादा नव्हती तेव्हा लोकांनी सरासरी 3.3 डबे घेतले, 4 ची मर्यादा लावली तेव्हा 3.5 आणि 12 ची लावली तेव्हा 7. हे आकडे ऐकायला चटकदार आहेत, म्हणून दुकानदारीवरच्या प्रत्येक व्याख्यानात ते येतात. पण यातल्या वॉनसिंक यांच्या इतर संशोधनात पुढे गंभीर दोष सापडले. 2018 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना संशोधनातल्या गैरवर्तनासाठी दोषी ठरवलं आणि त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले. म्हणून 3.3 आणि 7 या आकड्यांवर मी माझं म्हणणं उभं करणार नाही. मर्यादा घातली की तोच सौदा लोकांना अधिक मोलाचा वाटायला लागतो, हे इतर संशोधकांनी स्वतंत्रपणेही दाखवलं आहे आणि मला तेवढं पुरेसं आहे. साठा खरोखर कमी असताना मर्यादा घालणं हा न्याय आहे. फळीमागे खोक्यांची चळत असताना मर्यादेची पाटी लावणं हे खोटी टंचाई दाखवणं आहे.

इथे उलट बाजूने होणाऱ्या अतिशयोक्तीबद्दलही लिहायला हवं, कारण ती मला तितकीच घातक वाटते. ‘खरेदीचे 70 टक्के निर्णय दुकानात होतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. दुकानांतल्या जाहिरात-पाट्यांच्या उद्योगाची ‘पोपाय’ नावाची संघटना होती. तिच्या 1995 च्या पाहणीत आकडा 70 च्या आसपास आला, 2012 मध्ये 76. ज्यांचा धंदाच पाट्यांचा, त्यांचा हा आकडा. शिवाय तो काढायची रीत पाहा. घरून साबण आणायचा ठरवून आलेल्या माणसाने कुठला साबण हे दुकानात ठरवलं, तर तोही दुकानात झालेला निर्णय म्हणून मोजला जातो. माणूस दुकानात शिरताना कोरा नसतो. तो कशासाठी आला आहे, घाईत आहे की सवडीने, खिशात किती आहे, यावर तो काय उचलेल हे पुष्कळ अंशी आधीच ठरलेलं असतं.

नजर खेचली म्हणजे विक्री झाली असंही नाही. पिएर शाँदाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रं वापरून केलेला अभ्यास 2009 मध्ये आला. वरच्या आणि मधल्या फळीवरच्या वस्तूंकडे खालच्या फळीपेक्षा जास्त लक्ष जातं, पण त्याचा फायदा पुढे वस्तूविषयीच्या मतापर्यंत पोचतो तो फक्त वरच्या फळीला, असं त्यांना दिसलं. हे अभ्यास मांडायचं कारण एवढंच की, पाटी म्हणजे भूल घालणारी जादू आणि ग्राहक म्हणजे बाहुलं असं चित्र मला रंगवायचं नाही. तसं चित्र ग्राहकाचा अपमान करतं, आणि पाटीवाल्यांचा भावही वाढवतं. पाटीची ताकद मर्यादित आहे आणि ती एका विशिष्ट जागी काम करते. माणूस दोन सारख्या वस्तूंसमोर उभा आहे, घाईत आहे आणि समोरची खूण खरी असेल असं धरून चालला आहे. एवढ्याच जागेपुरतं आपलं संरक्षण हवं आहे. ते करणं अवघडही नाही.

एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांचं 2001 चं काम मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याकडे दुकानदारांनीच नीट पाहावं असं वाटतं. सवलतीची पाटी मागणी वाढवते, पण जितक्या जास्त वस्तूंवर ती लागते तितका तिचा जोर ओसरतो, असं त्यांनी दाखवलं. एका प्रकारच्या सगळ्याच वस्तूंवर पाट्या लावल्या तर त्या प्रकारची एकूण विक्री उलट घटूही शकते. लोक पाटीवर विश्वास ठेवतात तो ती दुर्मीळ आणि बहुधा खरी असते म्हणून. हा विश्वास सगळ्या दुकानांनी मिळून जपायचं पाणवठ्याचं पाणी आहे. आमच्यासारखी पोकळ चिठ्ठी लावणारा त्यातून दोन बादल्या जास्त उपसतो. ज्याने खरोखर स्वतःचा नफा कमी करून किंमत उतरवली, त्याची पाटी मग कोण मानणार? पाट्यांवरच्या नियमांना व्यापाऱ्यांचा विरोध असतो असं आपण धरून चालतो. प्रामाणिक व्यापाऱ्याला तर ते आधी हवे असले पाहिजेत.

‘ग्राहकाने जागरूक राहावं’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. मोठ्या अक्षरांना भुलू नका, किलोमागचा भाव वाचा. सल्ला बरोबर आहे. माझी आई तो गेली कित्येक वर्षं पाळते. मागे तिच्याबरोबर दुकानात गेले तेव्हा तिने पावडरीची दोन पाकिटं निवडली, एक मोठं, एक मध्यम. मोठ्यावर ‘महाबचत’ अशी पाटी लटकत होती, तळहाताएवढी. किलोमागचा भाव चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात होता, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि चिठ्ठी सर्वांत खालच्या फळीला. आईने एका हाताने फळी धरली, गुडघा दाबत खाली बसली, चष्मा कपाळावर सारला आणि नाक चिठ्ठीला लावलं. “हे किलोला लिहिलंय गं,” ती म्हणाली, “आणि त्या दुसऱ्यावर शंभर ग्रॅमला आहे.” मी म्हटलं, “थांब आई, मी हिशेब करते.” मागून कोणाची तरी गाडी येऊन टेकली. आई घाईघाईने उठली आणि मोठं पाकीट उचलून चालायला लागली. बाजूला होऊन मी फोनवर हिशेब केला. मध्यम पाकीट किलोमागे स्वस्त पडत होतं.

आणखी किती जागरूक व्हायचं तिने? दुकानाला जे सांगायचं होतं ते तळहाताएवढं होतं आणि तिला जे हवं होतं ते मुंगीएवढं. दोन्ही एकाच फळीवर, एकाच छापखान्यातून आलेली. अक्षरांचा आकार कोणीतरी ठरवतो. तो निर्णय असतो, आणि निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागते.

एडवर्ड रुसो यांनी 1977 मध्येच दाखवलं होतं की, माहिती देणं आणि ती वापरता येईल अशी देणं यांत फार अंतर आहे. किलोमागचे भाव वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर विखरून लावले तर लोकांच्या खरेदीवर फारसा परिणाम होत नव्हता. तेच भाव एका कागदावर स्वस्तापासून महागापर्यंत क्रमाने लिहून फळीवर टांगले, तर लोक स्वस्त पर्याय उचलायला लागले आणि त्यांचा खर्च मोजता येईल इतका कमी झाला. माहिती तीच होती. लोकांना खाली वाकून, मनात भागाकार करून ती गोळा करावी लागली नाही, एवढाच फरक. असे तक्ते आज दुकानांत फारसे दिसत नाहीत. त्यांना खर्च एका कागदाचा आहे.

युरोपीय संघाने 1998 च्या निर्देशाने विक्रीची किंमत आणि एककामागची, म्हणजे किलो किंवा लिटरमागची, किंमत दोन्ही दाखवणं सक्तीचं केलं, आणि ती स्पष्ट, सहज ओळखता येईल अशी आणि वाचता येईल अशी असावी असं म्हटलं. ऑस्ट्रेलियात मोठ्या किराणा दुकानांसाठी तशी संहिता 2009 पासून आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 2018 मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शक मानकच काढलं, आयएसओ 21041. म्हणजे काय करायचं हे माहीत नाही अशी स्थिती नाही. ‘वाचता येईल अशी’ या शब्दांचा अर्थ मात्र जिथे दुकानावर सोडला जातो, तिथे माझ्या आईला गुडघ्यावर बसावं लागतं. सवलतीची अक्षरं जेवढी मोठी, त्याच्या किमान अमुक इतकं मोठं किलोमागचं अक्षर, आणि एका रांगेत एकच एकक, असा आकड्यांत लिहिलेला नियम हवा.

पूर्वीच्या किमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘आधी इतके, आता इतके’ यातलं ‘आधी’ म्हणजे कधी? युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने याचं थेट उत्तर दिलं आणि ते 28 मे 2022 पासून लागू झालं. किंमत उतरवली असं जाहीर करायचं तर त्याआधीच्या किमान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवली पाहिजे. तरी पळवाट शोधली गेलीच. जर्मनीतल्या आल्डी झ्यूड या दुकानांच्या जाहिरातपत्रकात 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत बारीक अक्षरांत होती, सवलतीची टक्केवारी मात्र त्याआधीच्या चढ्या किमतीवरून काढलेली होती. एका फळाची ‘उतरलेली’ किंमत ही त्या 30 दिवसांतल्या नीचांकाइतकीच होती. 26 सप्टेंबर 2024 ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की टक्केवारीही त्या सर्वांत कमी किमतीवरूनच काढली पाहिजे. प्रकरण पत्रकाचं होतं, पण फळीवरच्या पाटीलाही तोच न्याय लागतो. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण न्यायालयाने ठळक अक्षर आणि बारीक अक्षर यांच्या नात्याकडे पाहिलं. बारीक अक्षरांत खरं लिहून ठेवलं म्हणजे ठळक अक्षरांत काहीही लिहायला मोकळे, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने वूलवर्थ्स आणि कोल्स या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या साखळ्यांवर खटले भरले. आरोप असा की शेकडो वस्तूंची किंमत दीर्घकाळ स्थिर होती, ती थोड्या दिवसांसाठी किमान 15 टक्क्यांनी चढवली गेली, आणि मग ‘किंमत उतरली’ असं सांगणाऱ्या चिठ्ठ्या लावून त्या वस्तू अशा किमतीला विकल्या गेल्या, जी मूळ किमतीइतकी किंवा तिच्याहून जास्तच होती. आरोप हे आरोपच असतात. पण त्यात वर्णन केलेली रीत ओळखायची असेल तर तुमच्याजवळ दोन-तीन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी हवी, आणि ती कोणत्याच ग्राहकाजवळ नसते.

सगळीच दुकानं असं करतात असंही नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने 2024 मध्ये सभासदांसाठीच्या सवलती तपासल्या. सुमारे 50,000 वस्तूंपैकी 92 टक्क्यांवर नेहमीच्या किमतीपेक्षा खरोखर बचत होत होती. हा आकडा वाचून मला बरं वाटलं. दुकानांना खरं बोलून धंदा करता येतो याचा हा पुरावा आहे आणि तपासणी झाली म्हणून तो आपल्या हातात आला. तपासणीच्या विरोधात हा आकडा कोणी वापरू नये.

फळी आणि बिल यांचा मेळ नसणं हे आणखी एक दुखणं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या 1998 च्या पाहणीत सुमारे 30 वस्तूंमागे एका वस्तूची बिलातली किंमत चुकलेली निघाली, कधी जास्त, कधी कमी. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 2001 पासून यावर फार सरळ तोडगा आहे. प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवण्यापासून सूट हवी असेल तर दुकानाने हमी द्यायची. बिलात फळीपेक्षा जास्त लागलं, तर ठरावीक रकमेच्या आतली वस्तू ग्राहकाला फुकट. पाटीने दिलेला शब्द दुकानाने पाळायचा, नाही पाळला तर भरपाई जागच्या जागी. ना तक्रार अर्ज, ना खेटे.

आणि पाटी ग्राहकाच्या बाजूनेही बोलू शकते, याचं उदाहरण फ्रान्सने घालून दिलं. किंमत तीच ठेवून किंवा वाढवून पाकिटातला माल गुपचूप कमी करायचा, ही चाल आता सगळ्यांना माहीत आहे. 1 जुलै 2024 पासून तिथल्या मोठ्या दुकानांना अशा वस्तूजवळ फळीवरच पाटी लावावी लागते, की वजन इतक्यावरून इतकं झालं आणि किलोमागचा भाव इतका वाढला. दोन महिने ती पाटी तिथे राहते. जो सांगायला कोणाचाच फायदा नव्हता असा बदल आता, निर्णय होतो त्या जागी, डोळ्यांसमोर सांगितला जातो. हे मी वाचलं तेव्हा मला त्या रात्रीची माझी गड्डी आठवली. त्यात अशी एक जरी चिठ्ठी असती तर ती लावताना मला लाज वाटली नसती.

आता कागदाच्या चिठ्ठ्या जायला लागल्या आहेत. त्यांच्या जागी छोटे इलेक्ट्रॉनिक पडदे येत आहेत. वॉलमार्टने जून 2024 मध्ये सांगितलं की 2026 पर्यंत 2,300 दुकानांत ते बसवले जातील. किमती बदलायला कर्मचाऱ्याला दोन दिवस लागत, ते काम मिनिटांवर येईल. ज्यांची बोटं कागदाने चिरली आहेत त्यांना यात काय सुख आहे ते मला ठाऊक आहे. भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. कागद बदलताना निदान एका माणसाच्या हातात जुनी आणि नवी चिठ्ठी क्षणभर एकत्र असायची. मला कळलं ते त्यामुळेच. पडद्यावरचा आकडा बदलताना तिथे कोणीच नसतं, आणि जुना आकडा कुठल्या केराच्या टोपलीतही सापडत नाही.

पण त्याच यंत्रणेकडे प्रत्येक वस्तूचा प्रत्येक दिवसाचा भाव साठवलेला असतो. त्यामुळे कागदाच्या काळात जे मागणं जड वाटलं असतं ते आता मागता येतं. गेल्या 30 दिवसांतला सर्वांत कमी भाव त्याच पडद्यावर दिसावा, किलोमागचा भाव त्याच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत यावा, आणि किंमत खरोखर उतरलेली नसेल तर पडद्याने पिवळं व्हायचं नाही. यासाठी नवं यंत्र लागत नाही, पडद्याचा एक कोपरा लागतो.